बंद होऊ घातलेलं विद्यापीठाचं कलादालन: जायचं तर काय बघायचं, काय विचारायचं?

रंगपेटी
जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशर विद्यापीठाने खर्चकपातीत आपलं म्युझियम ऑफ आर्ट बंद केलं. त्याच वर्षी इंडियानातल्या वालपरायझो विद्यापीठाच्या ब्राउअर म्युझियमला कुलूप लागलं. त्याआधीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे बॉस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठाचं रोझ आर्ट म्युझियम. २६ जानेवारी २००९ ला विश्वस्तांनी ते बंद करून संग्रह विकायचा ठराव केला होता.

अशी बातमी आली की लोक शेवटचं बघून घेऊ म्हणून जातात, दोन-चार प्रसिद्ध चित्रांसमोर फोटो काढतात आणि परत येतात. अमेरिकेत आणि युरोपात राहणारे बरेच सभासद इथे आहेत. तुमच्या जवळच्या विद्यापीठात असं दालन धोक्यात असेल तर भेटीत नेमकं काय बघावं? कुणाला काय विचारावं? आणि बाहेरच्या माणसाच्या हातात खरंच काही असतं का? जाणकारांनी लिहावं. ‘कला वाचली पाहिजे’ छाप प्रतिसाद नकोत, ते आपल्या सगळ्यांना मान्यच आहे.

चकली_चिवडा
पहिला मान माझा. कॅफे चालू असेल तर आधी तिथे जा. खर्चकपातीत तो दालनाच्याही आधी बंद होतो.

पाटीवाचक
चित्राआधी पाटी वाचा, थट्टा नाही. पाटीवर चित्रकार, शीर्षक, साल आणि माध्यम यांच्याखाली आणखी दोन ओळी असतात. तिथे बहुतेकांची नजर जात नाही.

पहिली म्हणजे श्रेयओळ: कुणाची भेट, कुणाच्या मृत्युपत्रातून, की अमुक निधीतून खरेदी. दुसरी म्हणजे नोंदणी क्रमांक. १९६२.१५.३ असं लिहिलं असेल तर वस्तू १९६२ साली दाखल झाली, त्या वर्षीच्या पंधराव्या गटातून आली आणि त्या गटातली तिसरी आहे. क्रमांकाच्या आधी ‘एल’ किंवा ‘ईएल’ असेल तर ती बहुधा उसनी आणलेली आहे, म्हणजे दालन बंद झालं की मालकाकडे परत. ‘प्रॉमिस्ड गिफ्ट’ लिहिलेलं असेल तर देणगीदाराने फक्त शब्द दिलाय, वस्तू अजून त्याचीच आहे, आणि बंद होण्याच्या बातमीनंतर असे शब्द मागे घेतले जाऊ शकतात.

दालन बंद झाल्यावर सगळ्यात आधी नजरेआड होतात त्या या दोन प्रकारच्या वस्तू. त्यामुळे वेळ कमी असेल तर आधी त्या बघा. विद्यापीठाच्या मालकीच्या वस्तू निदान काही काळ तरी कोठारात असतील.

रोझमध्ये ‘गेवर्ट्झ-म्नुचिन’ ही श्रेयओळ शोधा. १९६२ मध्ये मिळालेल्या ५०,००० डॉलरच्या देणगीतून पहिले संचालक सॅम हंटर यांनी संग्राहक लिओन म्नुचिन यांच्याबरोबर २१ कामं घेतली. अट एकच, एका कामाला ५,००० डॉलरपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. त्यात जॅस्पर जॉन्सचं ‘ड्रॉवर’, रॉशेनबर्गचं ‘सेकंड टाइम पेंटिंग’, लिक्टेनस्टाइनचं ‘फर्गेट इट! फर्गेट मी!’ आली. २००९ मध्ये विश्वस्तांच्या डोळ्यांसमोर जो आकडा होता, सगळा संग्रह मिळून सुमारे ३५ कोटी डॉलर, त्यातला मोठा वाटा असल्याच खरेद्यांचा आणि भेटींचा.

बेरीजवजाबाकी
आता दुसरी बाजू मांडू द्या, नाहीतर हा धागा नुसता गळाभेटीचा होईल.

२००८च्या मंदीत ब्रँडाइसचा देणगीनिधी आपटला आणि विद्यापीठाचे मोठे देणगीदार बर्नार्ड मॅडॉफच्या गुंतवणूक घोटाळ्यात पोळले. रोझकडे सहा हजारांहून जास्त वस्तू होत्या, आणि अशा कुठल्याही संग्रहालयात एका वेळी भिंतीवर असतो त्याचा छोटा हिस्सा. बाकीचं अंधारात. विद्यापीठाचं काम शिकवणं आहे. प्राध्यापक कमी करायचे, शिष्यवृत्त्या कापायच्या, की कोठारातलं अँडी वॉरहॉलचं एक चित्र विकायचं? आईवडील वर्षाला लाखांत फी भरतात. या प्रश्नाला ‘कला अमूल्य आहे’ हे उत्तर होत नाही.

पाटीवाचक
बेरीजवजाबाकी, प्रश्न रास्त आहे. पण तुमच्याच खात्यातला एक मुद्दा सुटलाय. ३५ कोटी ही एकेका वस्तूच्या अंदाजांची बेरीज आहे. एकाच विक्रेत्याचा एवढा माल एकदम बाजारात आला तर भाव पडतो, मूल्यांकन करणारे त्यासाठी वेगळी सूट धरतात. त्यात २००९ च्या जानेवारीत कलाबाजार स्वतःच झोपलेला. आणि विकणारा अडचणीत आहे हे जगजाहीर. अशा वेळी घर तरी विकतो का कुणी?

बेरीजवजाबाकी
मान्य. वेळ चुकली. तत्त्व चुकलं असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

वकिलीबाणा
तत्त्वाचं सोडा, कागदाचं बोलू.

पाटीवरची श्रेयओळ अट सांगत नाही. अट असते भेटपत्रात, म्हणजे ‘डीड ऑफ गिफ्ट’ मध्ये. हल्ली अमेरिकेतली संग्रहालयं छापील नमुना वापरतात आणि त्यात भेट बिनशर्त आहे असं स्पष्ट लिहिलेलं असतं. जुन्या भेटी मात्र साध्या पत्रांवर आलेल्या असतात: ‘माझ्या वडिलांची चित्रं तुमच्या विद्यार्थ्यांना बघता यावीत म्हणून देत आहे.’ ही अट की नुसती इच्छा? इथेच खटले उभे राहतात. म्हणून जुना नोंदणी क्रमांक दिसला की ती वस्तू कायद्याच्या दृष्टीने जास्त गुंतागुंतीची समजा.

अटी पाळणं अशक्य झालं तर संस्था न्यायालयात जाऊन त्या बदलून मागू शकते. मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळचा पर्याय न्यायालय ठरवतं. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५५ मध्ये हीच तरतूद आहे. गंमत म्हणजे विक्रीला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी मागणारं कलम ३६ स्थावर मालमत्तेचं आहे. न्यासाची इमारत विकायला परवानगी, भिंतीवरचं चित्र जंगम.

फिस्क विद्यापीठाचं उदाहरण बघा. चित्रकार जॉर्जिया ओकीफने १९४९ मध्ये नॅशव्हिलच्या या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाला नवरा, छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झच्या संग्रहातली आणि स्वतःची मिळून १०१ कामं दिली, विकायची नाहीत या अटीवर. पुढे विद्यापीठ आर्थिक अडचणीत आलं आणि कित्येक वर्षं खटला चालला. २०१२ मध्ये तोडगा निघाला तो असा: आर्कान्सातल्या क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयाने ३ कोटी डॉलर देऊन निम्मी भागीदारी घेतली आणि संग्रह दोन-दोन वर्षं आलटून पालटून दोन्हीकडे राहतो. म्हणजे फिस्कला बघायला जाणाऱ्याने आधी वेळापत्रक बघावं, नाहीतर भिंती रिकाम्या.

चकली_चिवडा
थोडक्यात, गणपती एका वर्षी थोरल्याकडे, एका वर्षी धाकट्याकडे.

वकिलीबाणा
चकली, भावांच्या भांडणात कोर्टाची फी वाचते. बाकी तसंच.

सोनटक्का
कुणीच हवेबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते.

विद्यापीठ म्हणतं, ‘दालन बंद करतोय, संग्रह सुरक्षित आहे.’ तेव्हा पहिला प्रश्न: वातानुकूलन चालू राहणार का? चित्रांना साधारण २१ अंश सेल्सियस आणि ५० टक्क्यांच्या आसपास सापेक्ष आर्द्रता लागते, आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती स्थिर लागते. इमारतीत माणसं नाहीत म्हणून सुट्टीच्या दिवशी यंत्रणा कमी करायची सवय विद्यापीठांच्या देखभाल विभागांना असते. न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात आतली हवा हीटरने कोरडी होते, आर्द्रता वीस टक्क्यांपर्यंत उतरते. लाकडी फळीवरची चित्रं आक्रसून चिरतात, त्यावरचा रंगाचा थर सुटतो. उन्हाळ्यात उलट. कॅनव्हास सैल पडून झोळ येतो, आणि आर्द्रता ६५-७० च्या वर टिकली की कागदाच्या आणि कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते.

भेटीत हे दिसतं का? दिसतं. कोपऱ्यात आर्द्रतामापक आहे का, चालू आहे का बघा. फ्रेमच्या खालच्या कडेला कॅनव्हास फुगलाय का बघा. काचेमागच्या कागदावर लाटा आल्यात का बघा. भिंतीच्या तळाशी किड्यांसाठी चिकट सापळे असतात, त्यांवर तारीख लिहिलेली असते. ती वर्षभर जुनी असेल तर समजा की निगा ठेवणारं माणूस आधीच गेलंय, घोषणा नंतर झाली.

आणि कागदावरची कामं. छापचित्रं, जलरंग, छायाचित्रं यांना ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास मंद उजेड आणि तोही तीन-चार महिनेच. नंतर काही वर्षं अंधारात विश्रांती. तैलचित्राला २०० लक्सपर्यंत चालतं. म्हणून विद्यापीठाच्या संग्रहातला मोठा भाग, म्हणजे कागद, भिंतीवर कधीच नसतो. बेरीजवजाबाकी, ‘अंधारात पडून आहे’ याचं हे अर्धं उत्तर. तो अंधार औषधाचा आहे.

बेरीजवजाबाकी
ताई, हे मला माहीत नव्हतं. पण पोलादी शिल्पांना विश्रांती लागत नाही ना? :)

सोनटक्का
पोलादाला गंज लागतो. विश्रांती नको, पहारा हवा.

मुकादम
कागदावरची कामं बघायची पद्धत सांगतो. बऱ्याच विद्यापीठांच्या संग्रहालयांत अभ्यासिका असते आणि ती बहुतेक ठिकाणी बाहेरच्यांनाही आधी वेळ ठरवून खुली असते.

आधी संकेतस्थळावरच्या सूचीत शोधून दहाएक वस्तूंचे नोंदणी क्रमांक काढा. ‘तुमच्याकडचं काहीतरी चांगलं दाखवा’ असं लिहू नका, कोठारातून काय काढायचं ते त्यांना कळलं पाहिजे. निदान दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा. कशासाठी बघायचंय ते एका वाक्यात लिहा. रसिक म्हणून बघायचंय हे कारणही चालतं. जाताना फक्त पेन्सिल न्या, पेन आत नेऊ देत नाहीत. पिशवी, कोट बाहेर ठेवायचा. हात धुऊन कोरडे करायचे. कागदाला बहुतेक ठिकाणी स्वच्छ हात पुरतात, छायाचित्रांना आणि धातूला नायट्राइलचे हातमोजे देतात. माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, कड दोन्ही हातांनी धरायची, उचलून तिरकी करायची नाही. हे सगळं तिथलं माणूस सांगतंच, पण आधी माहीत असलं की दहा मिनिटं वाचतात.

बंद होणाऱ्या दालनात सगळ्यात आधी थांबते ती हीच सेवा. कारण घोषणा झाली की नोंदणी विभागाला संपूर्ण मोजणी करावी लागते: प्रत्येक वस्तू जागेवर आहे का, अवस्था काय, फोटो आहे का. तीच दोन-तीन माणसं उसन्या वस्तू परत पाठवायच्या पेट्या बांधत असतात. म्हणून बातमी वाचली त्या आठवड्यात ईमेल टाका, शेवटच्या महिन्यात नाही.

गंधाली_न्यूजर्सी
मुकादम, खूप उपयोगी. एक शंका. रोझला जायचं तर बॉस्टनहून कसं? गाडी नसेल तर?

मुकादम
नॉर्थ स्टेशनवरून फिचबर्ग मार्गाची लोकल, स्टेशन ब्रँडाइस/रॉबर्ट्स. केंब्रिजकडून येत असाल तर पोर्टरला चढा, तिथे मेट्रोची रेड लाइनही मिळते. गाड्या विरळ असतात, शनिवार-रविवारी आणखी विरळ, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा. स्टेशनसमोर साउथ स्ट्रीट, आवार टेकडीवर चढत जातं पण रोझ खालच्याच बाजूला आहे. प्रवेश मोफत. उन्हाळ्यात आणि दोन प्रदर्शनांच्या मधे बंद असतं, म्हणजे कायमचं नव्हे, मांडणी बदलण्यासाठी. न बघता जाणारे इथेच फसतात.

बाहेर क्रिस बर्डनचं ‘लाइट ऑफ रीझन’ आहे, २०१४ चं, २४ जुन्या व्हिक्टोरियन दिव्यांच्या खांबांचं. ते दालन बंद असतानाही बघता येतं, संध्याकाळी जास्त चांगलं.

रंगपेटी
इमारतीबद्दल पण सांगा ना कुणीतरी.

पाटीवाचक
मूळ इमारत १९६१ ची, मॅक्स अब्रामोविट्झची. पुढून काच, आत मधोमध जिना, आणि खालच्या मजल्यावर पाण्याचा उथळ हौद अशी मूळ रचना. सोनटक्का ताईंना घाम फुटेल अशी.

सोनटक्का
संग्रहालयात हौद. दक्षिणेकडे काच नसली म्हणजे मिळवलं.

अजिंठेकर
विषय जरा वळवतो. बॉस्टनला जाताच आहात तर सेलमचं पीबडी एसेक्स म्युझियमही करा. विद्यापीठाचं नाही, पण चेस्टर आणि डेव्हिडा हरविट्झ या मॅसॅच्युसेट्सच्या जोडप्याने जमवलेला स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रांचा मोठा संग्रह तिथे आहे. हुसेन, तय्यब मेहता आणि मुंबईच्या त्या पिढीतले बरेच जण. एका संस्थेने खाजगी संग्रह एकत्र सांभाळला तर काय होतं त्याचा नमुना.

आणि संग्रह हलवला की काय होतं याचा नमुना आपल्याच घरचा आहे. जे.जे.चे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्या लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिलच्या नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. मूळ चित्रं गुहेत झिजत गेली, नकला सुरक्षित जागी जळाल्या.

चकली_चिवडा
दोनदा त्याच शहरात! तिसऱ्यांदा पाठवल्या नाहीत हे नशीब.

निळीशाई
मुद्द्यावर येते. बंद होणाऱ्या दालनाचं सगळ्यात जास्त नुकसान चित्रांचं नाही, चित्रांबद्दलच्या कागदांचं होतं.

प्रत्येक वस्तूची एक फाइल असते. त्यात भेटपत्र, चित्रकाराची पत्रं, जुन्या दुरुस्तीच्या नोंदी, कुठल्या प्रदर्शनात गेली त्याच्या पावत्या, आणि मांडणीशिल्प असेल तर ते कसं जोडायचं याच्या सूचना. संगणकावरच्या सूचीत यातलं फारच थोडं येतं. वस्तू दुसऱ्या संस्थेला जाते तेव्हा फाइल बरोबर गेली नाही तर पुढचा क्युरेटर आंधळा. दुसरं म्हणजे दालनाचं संकेतस्थळ. विद्यापीठाच्या सर्व्हरवर विभाग बंद झाला की त्याची पानं काढून टाकतात, आणि सूची, जुनी प्रदर्शनं, निबंध सगळं गायब.

इथे मात्र बाहेरच्या माणसाच्या हातात काम आहे. संकेतस्थळाची पानं जालावरची पानं साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करायला टाका. नुसतं मुखपृष्ठ नको, प्रत्येक प्रदर्शनाचं आणि शक्य तितक्या वस्तूंचं पान वेगळं टाका, कारण संकेतस्थळावरच्या सूचीत शोधल्यावरच उघडणारी पानं ते आपोआप पकडत नाही. पीडीएफ पुस्तिका उतरवून घ्या.

फोटो काढताना आधी पूर्ण खोली चारही कोपऱ्यांतून, म्हणजे काय कशाशेजारी लावलं होतं ते कळतं. मग प्रत्येक काम आणि लगेच त्याची पाटी, या क्रमाने. घरी आल्यावर कुठली पाटी कशाची हा गोंधळ होत नाही. फ्लॅश बंद. काचेवर चकाकी येत असेल तर एक पाऊल बाजूला सरकून तिरका घ्या. उसन्या कामांवर बऱ्याचदा फोटोला मनाई असते, पाटीवर कॅमेऱ्यावर काट असते ती पाळा. आणि स्वतःच्या संदर्भासाठी काढणं वेगळं, आधुनिक कामांचे फोटो जालावर टाकणं वेगळं. स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत चालू शकतो.

गंधाली_न्यूजर्सी
+१. खोलीचे फोटो हा मुद्दा कधीच सुचला नसता.

आडगाव_बुद्रुक
सगळं ठीक, पण शेवटी विश्वस्तांना जे करायचं तेच करतात. रोझचं तरी काय झालं?

पाटीवाचक
रोझ वाचलं. ठरावानंतर गदारोळ झाला, अध्यक्ष राइनहार्झ यांनी सूर बदलला, दालन राहील पण शिकवण्यापुरतं अशी भाषा सुरू झाली. संचालक मायकल रश यांची मुदत वाढवली नाही. जुलै २००९ मध्ये दालनाच्या सल्लागार मंडळावरच्या काही जणांनी खटला भरला, त्यात रोझ कुटुंबातल्या एक होत्या. मॅसॅच्युसेट्सच्या महाधिवक्ता कार्यालयानेही भेटींचे कागद तपासायला घेतले. २०१० मध्ये सदबीज या लिलावसंस्थेला नेमून चित्रं न विकता भाड्याने देता येतील का तेही चाचपून झालं. अध्यक्ष बदलले. ३० जून २०११ ला खटला मिटला, विक्रीचा बेत सोडला, आणि ऑक्टोबरमध्ये पन्नाशीला डागडुजी करून दालन पुन्हा उघडलं.

म्हणजे ‘बंद होणार’ हा ठराव असतो, तो टिकेलच असं नाही. आयोवा विद्यापीठाकडे अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकचं ‘म्युरल’ आहे, १९४३ चं, सुमारे ८ बाय २० फूट, संग्राहक पेगी गुगेनहाइमने १९५१ मध्ये दिलेलं. २००८ च्या पुराने संग्रहालयाची इमारत गेली, चित्र वाचलं, आणि लगेच ते विकायची चर्चा सुरू झाली. २०११ मध्ये राज्याच्या विधिमंडळातही प्रस्ताव आला. विकलं नाही. २०२२ मध्ये नवी इमारत उघडली, चित्र तिथे आहे. इंग्लंडात न्यूकॅसल विद्यापीठाची हॅटन गॅलरी १९९० च्या दशकाच्या शेवटी बंद व्हायच्या बेतात होती. कादंबरीकार कॅथरीन कुकसन यांनी अडीच लाख पौंड दिले आणि ती टिकली. जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्सच्या ‘मर्झ बार्न’ या कलाकृतीची अख्खी भिंत त्या इमारतीतच बसवलेली आहे, ती कुठे नेणार?

बेरीजवजाबाकी
जिंकलेल्यांची यादी झाली. आता हरलेल्यांची मी देतो. व्हर्जिनियातल्या रँडॉल्फ कॉलेजने २००७ मध्ये मायर म्युझियममधून चार चित्रं विकायला बाहेर काढली. जॉर्ज बेलोजचं ‘मेन ऑफ द डॉक्स’ २०१४ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने २.५५ कोटी डॉलरला घेतलं. कॉलेज चालू आहे. चित्र लंडनमध्ये फुकट बघायला मिळतं. नेमकं कोण मेलं?

सोनटक्का
ते चित्र १९२० मध्ये कॉलेजच्या विद्यार्थिनींनी आणि गावातल्या लोकांनी २,५०० डॉलर गोळा करून घेतलं होतं. कॉलेजच्या लिंचबर्गसारख्या गावातली मुलगी ते बघायला लंडनला जाणार आहे का?

बेरीजवजाबाकी
हे उत्तर मला पटतं. आतापर्यंतचं पहिलं.

वकिलीबाणा
रँडॉल्फची किंमत आणखी एका ठिकाणी मोजली गेली. कला संग्रहालय संचालकांच्या संघटनेने मायर म्युझियमवर निर्बंध टाकले, म्हणजे सदस्य संग्रहालयांनी त्यांना चित्रं उसनी द्यायची नाहीत, संयुक्त प्रदर्शनं करायची नाहीत. या संघटनेचा नियम असा की विक्रीचे पैसे फक्त नव्या कलाकृती घेण्यासाठी. २०२० मध्ये महामारीमुळे दोन वर्षं ढील दिली, २०२२ मध्ये संग्रहाच्या थेट निगराणीसाठी वापरायला कायमची मुभा मिळाली. छप्पर गळतंय किंवा पगार थकलेत ही कारणं अजूनही बसत नाहीत.

वालपरायझोने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी ओकीफचं ‘रस्ट रेड हिल्स’, चाइल्ड हॅसमचं एक आणि फ्रेडरिक चर्चचं एक विकायचं ठरवलं. संग्रह उभा करणारे आणि ज्यांचं नाव दालनाला आहे ते रिचर्ड ब्राउअरच विरोधात उभे राहिले. विद्यापीठाचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता: १९५३ च्या पर्सी स्लोन देणगीत ‘रूढ वळणाची’ अमेरिकन चित्रं घ्यावीत असं होतं, ओकीफ आणि हॅसम त्यात बसत नाहीत, म्हणजे ती खरेदीच मुळात अटीबाहेरची, म्हणून विकू द्या. २०२४ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली.

चकली_चिवडा
सहा दशकांनी कळलं की आपण चुकून चांगलं चित्र घेतलं!

आडगाव_बुद्रुक
बंद झालं पण नीट झालं असं एकही उदाहरण नाही का?

पाटीवाचक
वॉशिंग्टनचं कॉर्कोरन, त्यातल्या त्यात. २०१४ मध्ये संस्था मोडली, कलाशाळा आणि इमारत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाकडे गेली, आणि सुमारे १७,००० कामांतून आधी नॅशनल गॅलरी ऑफ आर्टने निवड केली. उरलेल्यातली सुमारे ९,००० २०१८ मध्ये अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या संग्रहालयाला मिळाली. विक्री न होता बहुतेक सगळं त्याच शहरात राहिलं. ज्याला कॉर्कोरनचा संग्रह एकत्र बघायचाय त्याला मात्र आता तो कुठेच बघता येत नाही.

रंगपेटी
सगळ्यांचे आभार, माझ्या अपेक्षेपेक्षा खूपच मिळालं. मूळ प्रश्नाचा एक भाग राहिला. कुणाला काय विचारायचं? भेटीत समोर कर्मचारी असतो, त्याला विचारलं तर बिचारा अडचणीत येईल.

वकिलीबाणा
पहारेकऱ्याला आणि स्वागतकक्षातल्या विद्यार्थ्याला विचारूच नका, त्यांना बोलायची मुभा नसते. लेखी विचारा, विश्वस्त मंडळाच्या सचिवाला आणि प्रत महाधिवक्त्याच्या धर्मादाय विभागाला. भावना नकोत, चार प्रश्न: किती वस्तूंवर देणगीदाराच्या अटी आहेत आणि ते कुणी तपासलं? उसन्या वस्तू कधीपर्यंत परत जाणार? बंद झाल्यावर संग्रहाची जबाबदारी कुणावर, आणि त्या माणसाचं पद अर्थसंकल्पात आहे का? वस्तूंच्या फाइल कुठे जाणार?

विद्यापीठ सरकारी असेल तर माहितीच्या अधिकारासारखा राज्याचा कायदा असतो, त्याखाली अर्ज करून बैठकांची इतिवृत्तं मागता येतात. खाजगी असेल तर त्यांचं वार्षिक विवरणपत्र, ‘फॉर्म ९९०’, सगळ्यांना खुलं असतं. कलासंग्रह असेल तर त्याच्या परिशिष्ट ‘डी’ मध्ये संग्रहाबद्दल एक भाग असतो, तो आधी वाचा. आणखी एक: भेट मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत वस्तू विकली तर संस्थेला ‘फॉर्म ८२८२’ भरून करखात्याला कळवावं लागतं आणि देणगीदाराची करसवलत धोक्यात येऊ शकते. म्हणून अगदी नव्या भेटी सहसा विक्रीच्या पहिल्या यादीत नसतात.

निळीशाई
पाचवा प्रश्न माझ्याकडून: वर्षाला किती वर्गांनी दालन वापरलं? कलाशाखेचे नव्हे, सगळे. वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी निरीक्षण शिकायला येतात, रसायनवाले रंगद्रव्यं तपासायला येतात. हा आकडा दालनाच्या वार्षिक अहवालात असतो आणि बेरीजवजाबाकींसारख्या विश्वस्तांसमोर तोच चालतो.

बेरीजवजाबाकी
चालतो. पण सलग पाच वर्षांचा द्या, एका वर्षाचा नको. आणि दर वर्गामागे खर्च किती तेही काढा, नाहीतर मी काढेन.

गंधाली_न्यूजर्सी
मुकादम, फिचबर्ग मार्गाचं तिकीट गाडीत मिळतं का?

मुकादम
बॉस्टनची लोकल-मेट्रो चालवणाऱ्या एमबीटीएचं ‘एमतिकीट’ अ‍ॅप घ्या, तिकीट चढायच्या आधीच फोनवर घ्या. तिकीट क्षेत्रांप्रमाणे असतं. पोर्टरहून चढलात तर नॉर्थ स्टेशनपेक्षा बराचसा रस्ता आधीच मेट्रोने झालेला असतो, घाई असेल तर तेच करा.